पितळी जाळी भंगारात

आज सकाळी लॉकरच्या कामाला पणजीत एका बँकेत गेले होते. इमारत पोर्तुगीज काळातली. मागच्या अंगणात जुनं सागवानी काउंटर तोडून पावसात टाकलेलं, त्याची पितळी जाळी भंगाराच्या पोत्यात. आत फॉल्स सीलिंग, काचा, पांढरे दिवे. विचारलं तर म्हणाले, "मॅडम, रिनोव्हेशन चालू आहे." तेव्हापासून डोकं फिरलंय.

मला आजी आठवली. १९६० साली ती पाटल्या गहाण ठेवायला बांकू नासियोनाल उल्त्रामारिनू या पोर्तुगीज बँकेत गेली होती. हाक मारली तर अख्ख्या वाड्याला ऐकू जावी असा तिचा आवाज. पण सांगायची, त्या उंच छताखाली शिरले आणि आवाज आपोआप खाली आला. पाटल्या तिने अशाच जाळीखालून सरकवल्या.

ती बँक १८६४ साली लिस्बनला सुरू झाली आणि १८६८ मध्ये गोव्यात आली. पुढे आपल्या नोटांवरही तिचंच नाव असायचं. तेव्हा मुंबईत राणी व्हिक्टोरियाचा अंमल, तिथल्या मोठ्या कचेऱ्या म्हणजे दगडी खांब आणि कमानी. आपल्याकडे जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा, वर मंगळुरी कौलं. चिरा पाणी पितो आणि चुना ती ओल बाहेर जाऊ देतो, म्हणून भिंत टिकते. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि पोपडे सुटतात. आज तिथे नेमकं सिमेंटच थापत होते! आपल्या गवंड्यांना ठाऊक असलेली गोष्ट यांना कोणी सांगायची?

मान्य, म्हाताऱ्या माणसांना रॅम्प हवा, एसी हवा. आणि भक्कम इमारतीने बँक वाचते असंही नाही. पणजीत ही बँक आली त्याच १८६८ मध्ये तिकडे बँक ऑफ बॉम्बे बुडाली, कापसाच्या तेजीतल्या सट्ट्यापायी. पण म्हणून काउंटर फोडायचं? ज्या लाकडावर लोकांनी मंगळसूत्रं काढून ठेवली, ते लाकूड?

आजीने पाटल्या १९६१ च्या पावसाआधी सोडवल्या. डिसेंबरात गोवा मुक्त झाला, पण त्याआधीच गहाण पडलेलं सोनं लिस्बनला गेलं होतं. ते परत यायला १९९१ उजाडलं. तीस वर्षं! आमच्या वाड्यावरच्या एका काकीने पावती देवघरात, हळदीकुंकवाच्या डब्याखाली ठेवली होती. ती घरी आली की आजी हात पदराखाली घ्यायची, पाटल्या दिसू नयेत म्हणून. ती गेल्यावर हळूच म्हणायची, "म्हजें वांचलें." त्यात आनंद नसायचा.

वॉचमनदादांकडून जाळीचा एक तुकडा मागून आणलाय, हातभर आहे. चिंच लावून घासतेय, खाली वेलबुट्टी दिसायला लागलीय. बाकीची पोती सोमवारी भंगारवाला नेणार म्हणे. कुणाकडे टेम्पो असेल तर आजच कळवा, भाडं मी देते.