नाव दिलं, पण विचारलं का?

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतकं मोकळेपणाने लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं की एका संशोधिकेने परिषदेत सगळ्यांसमोर दाखवलेल्या, अजून न छापलेल्या कामाच्या स्लाइडचा फोटो समाजमाध्यमावर टाकला, तिचं नावही दिलं, मग त्याला मी ‘चोरी’ का म्हणावं? शिवाय संशोधन जनतेच्या पैशातून होतं, मग ते दडवायचं कशाला?

‘चोरी’ हा शब्द मागे घेतो. तुमचा हेतू कौतुकाचा होता. पण माझा आक्षेप कायम आहे, कारण श्रेय देणं वेगळं आणि परवानगी घेणं वेगळं.

२००८ साली असंच घडलं होतं. उपग्रहावरच्या ‘पामेला’ नावाच्या उपकरणाने टिपलेल्या पॉझिट्रॉनांचे (इलेक्ट्रॉनसारख्याच, पण धनभारित कणांचे) आकडे स्टॉकहोममधल्या परिषदेत पडद्यावर दाखवले गेले. निबंध अजून छापून यायचा होता. श्रोत्यांतल्या काही भौतिकशास्त्रज्ञांनी स्लाइडचे फोटो काढले, आलेखावरून आकडे वाचले आणि त्यांवर बेतलेला स्वतःचा निबंध ‘आर्काइव्ह’वर, म्हणजे छापण्याआधीचे शोधनिबंध खुले ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, टाकला. आकडे कुठून घेतले हेही प्रामाणिकपणे लिहिलं. तरी पामेलाचे प्रमुख फार दुखावले. त्यांचा स्वतःचा निबंध ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आला तो एप्रिल २००९ मध्ये.

तिथे निदान वाचणारे त्याच विषयातले होते. समाजमाध्यमावर तेवढंही नसतं. संशोधिका तोंडाने सांगते, ‘हे प्राथमिक आहे, नमुने अजून वाढवायचेत’. फोटोत ते वाक्य येत नाही. आलेख एकटाच फिरतो. पुढे फेरतपासणीत आकडा बदलला, तर ‘आधी वेगळंच सांगत होती’ हा ठपका तिच्यावर येतो, फोटो टाकणाऱ्यावर नाही. आणि पीएचडीची चार वर्षं ज्या कल्पनेवर गेली, तिच्यावरचं काम मनुष्यबळ असलेली मोठी प्रयोगशाळा काही महिन्यांत उरकू शकते. (पेटंटचा प्रश्न असेल तर अर्जाआधी माहिती उघड होणं आणखी महागात पडतं.)

जनतेच्या पैशाबद्दल तुमच्याशी सहमत आहे. निष्कर्ष लोकांना फुकट वाचता आलाच पाहिजे. पण तो कधी पक्का झाला, हे काम करणाऱ्याला ठरवू द्या. एखादी गोष्ट दडपल्याने रुग्णांच्या जिवाला धोका असेल, तर प्रश्न वेगळा. इथे तसं काही नव्हतं.

फोटोखालचं तुमचं विवेचन मात्र खरंच चांगलं आहे. सध्या फोटो काढून टाका आणि ते विवेचन तिला ईमेलने पाठवून विचारा. तिचा होकार आला, तर तुमची पोस्ट मी स्वतः शेअर करीन.