‘फॉस्टरच्या भानगडीत पडू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

इंदूरच्या आमच्या मराठी ग्रुपांवर गणपतीपासून एक मेसेज फिरतोय: “फॉस्टर केअरच्या भानगडीत पडू नका. लोक सरकारी पैशासाठी मुलं घेतात. दोन वर्षं झाली की सरकार मूल काढून नेतं. मोठं झालेलं परकं मूल कधी रुळत नाही.” फॉस्टर केअर म्हणजे आईवडील सांभाळू शकत नाहीत अशा मुलाला, दत्तक न घेता, आपल्या घरी वाढवणं. सुदामानगरच्या आमच्या घरात अशी एक मुलगी वाढते आहे, म्हणून लिहिते.

पैशाचं आधी. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या योजनेत एका मुलामागे महिन्याला ४,००० रुपये धरलेत. शाळेची रिक्षा, वह्या, बूट, औषधं, यांतच ते जातात. शिवाय कायद्याप्रमाणे, अशा मुलांना कुठे ठेवायचं ते ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीने दर महिन्याला पाहणी करायची असते. कमाईसाठी हा रस्ता कोण धरेल?

दोन वर्षांचं तर चक्क उलटं सांगितलंय. २०२४च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मूल कायद्याने दत्तक देण्याजोगं ठरलं आणि दोन वर्षं एकाच घरात राहिलेलं असलं, तर त्याच घराला ते दत्तक घेता येतं. आधी यासाठी पाच वर्षं थांबावं लागे.

आता रुळण्याचं. ती आली तेव्हा नऊ वर्षांची होती. ताटातली पोळी गुपचूप दप्तरात जायची, उशीखाली सेवेच्या पुड्या सापडायच्या. रागवायचं नाही, असं समुपदेशक ताईंनी बजावलं होतं. मग ओट्याखाली तिच्या हाताशी येईल असा एक डबा ठेवला. हा तुझा, कधीही उघड, कुणाला विचारायचं नाही. कितीतरी महिने तो रोज रात्री रिकामा व्हायचा. पुढे एकदा सहज उघडला, तर आतली सेव खवट झालेली! इतका आनंद मला तिच्या कुठल्याही निकालाने झालेला नाही.

मूल परत जाऊ शकतं, हे मात्र खरं आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४४ मध्येच ते आहे: आईवडिलांना भेटता येतं, आणि समितीने त्यांना योग्य ठरवलं तर मूल त्यांच्याकडे जाऊ शकतं. तिची आई भेटायला येते. आदल्या रात्री पोरीला झोप नसते, भेटीनंतर दोन दिवस ती माझ्याशी धड बोलत नाही, भाजी नावडती नसतानाही ताट सरकवते. हे सोसायला कठीण जातं, यजमानांना तर माझ्याहून जास्त. तरी तिची आई सावरली तर लेक तिला मिळावी, असंच मला वाटतं. त्याने आमचं नातं खोटं ठरत नाही. ती मला मावशी म्हणते, आईसमोरसुद्धा.

असे मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना एवढंच सांगते, की या घरांतली मुलंही आता मोबाईल वाचतात. आणि ज्यांच्या मनात खरंच विचार आहे, त्यांनी महिला व बाल विकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन चौकशी करावी. एकट्या बाईलाही, वय ३५ ते ६० असेल तर, अर्ज करता येतो.