‘बोट नाही तर वॉलाय नाही’? ईरी सरोवरावरच्या एका फिरत्या सल्ल्याला उत्तर

ओहायो-मिशिगनकडच्या मराठी मंडळींत दर वसंतात एक सल्ला फिरू लागतो. सारांश असा: ईरी सरोवरावर वॉलाय (गोड्या पाण्यातला एक खाण्याचा मासा) धरायचा तर स्वतःची मोठी बोट हवी. बोट पाण्यात उतरवायचे चांगले रॅम्प क्लबवाल्यांच्या ताब्यात आहेत. मासा खोल पाण्यात असतो, किनाऱ्यावर उभं राहून काही हाती लागत नाही. भारतातून आलेल्या आई-बाबांना तर नेऊच नका, त्यांना जमणार नाही. आणि बोट असेल तर मासे भरपूर आहेत, हवे तेवढे आणा. हे सांगणारे बहुतेक जण एकदाच, जुलैत, भर दुपारी गेलेले असतात.

‘बोट लागतेच.’ जुलै-ऑगस्टमध्ये हे बऱ्याच अंशी खरं आहे. पाणी तापलं की पश्चिम भागातले बरेच मोठे मासे गारव्याच्या मागे पूर्वेकडे, क्लीव्हलंडच्याही पुढे जातात आणि किनाऱ्यापासून मैलोन्‌मैल दूर राहतात. पण वर्षाचे आणखीही महिने आहेत. मार्च-एप्रिलमध्ये, पाणी साधारण 42 ते 50 अंश फॅरनहाइट असताना, वॉलाय अंडी घालायला थव्यांनी सरोवराला मिळणाऱ्या मॉमी नदीत चढतात. तेव्हा पेरिसबर्गचं ऑर्लिन्स पार्क, साइड कट मेट्रोपार्क आणि ब्लूग्रास बेटाच्या आसपास माणसं कमरेएवढ्या पाण्यात खांद्याला खांदा लावून उभी असतात. बोट नसते, वेडर्स (छातीपर्यंतची जलरोधक विजार), कॅरोलायना रिग (काट्यापासून थोड्या अंतरावर वजन बांधलेली दोरी), तरंगतं जिग हेड (काटा बसवलेलं डोकं) आणि शेपटीवाला रबरी ट्विस्टर (आमिष), एवढ्यावर काम चालतं. निघण्यापूर्वी वॉटरव्हिलच्या मापकावर नदीची पातळी बघायची. पाणी चढलेलं असेल तर घरी बसावं; त्या नदीत दरवर्षी कोणीतरी फाजील आत्मविश्वासाने शिरतंच. या दोन महिन्यांत तिथे सूर्योदय ते सूर्यास्तच गळ टाकता येतो, तोही एकच काटा असलेला, आणि तोंडाबाहेर काटा लागलेला मासा लगेच सोडावा लागतो.

दुसरा हंगाम शरद ऋतूचा. याची चर्चा फार होत नाही, आणि जाणकारांना ते सोयीचंच आहे. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत गिझर्ड शॅड नावाचे छोटे मासे किनाऱ्याजवळ गोळा होतात आणि त्यांच्या मागोमाग मोठे वॉलाय रात्री बंदरांच्या तोंडाशी येतात. ह्युरॉन गावाचा धक्का, लोरेन, क्लीव्हलंडमधलं एजवॉटर आणि ईस्ट 55 स्ट्रीट, इथे अंधार पडल्यावर लांबट स्टिकबेट (माशासारखं दिसणारं कृत्रिम आमिष) सावकाश ओढणारे लोक दिसतात. वॉलायच्या डोळ्यांत, मांजराच्या असतो तसा, प्रकाश परतवणारा थर असतो. त्यामुळे मंद उजेडात त्याला भक्ष्य दिसतं, पण भक्ष्याला तो दिसत नाही. ज्याला भर दुपारी काहीच मिळालं नाही, त्याला सरोवराने नाही, घड्याळाने दगा दिला.

‘रॅम्प क्लबवाल्यांचे.’ मरीनांचे, म्हणजे बोटी ठेवायच्या तळांचे, खाजगी रॅम्प आहेत, नाही कोण म्हणतो? पण मार्बलहेडजवळचं मझुरिक, कटॉबा आयलंड स्टेट पार्क, ईस्ट हार्बर, टोलेडोच्या बाजूला मेट्झगर मार्श, सँडस्की उपसागरावर डेम्प्सी, हे सगळे सार्वजनिक रॅम्प आहेत. ओहायोच्या स्टेट पार्कांना प्रवेशशुल्कही नाही. खरी अडचण वाऱ्याची असते. सरोवर नैऋत्य-ईशान्य असं लांबट पसरलेलं आहे. नैऋत्येचा वारा जोरात वाहिला की तो पाणी बफेलोकडे ढकलतो आणि टोलेडोकडची पातळी उतरते. दोन टोकांतल्या पातळीत 10 फुटांहून जास्त फरक पडल्याच्या नोंदी आहेत. अशा दिवशी उथळ कालव्यातल्या रॅम्पवर सकाळी उतरवलेली बोट संध्याकाळी वर घेणं मुश्कील होतं. ईशान्येचा वारा उलट पाणी पश्चिमेकडे लोटतो आणि गढूळ करून टाकतो. म्हणून आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज बघून रॅम्प ठरवायचा. नावाजलेला आहे म्हणून एकाच रॅम्पवर जाण्यात अर्थ नाही.

‘मासा खोल पाण्यात.’ पश्चिम भागाची सरासरी खोली 24 फुटांच्या आसपास आहे, यात खोल काय शोधणार? एप्रिलमध्ये तिथल्या खडकपट्ट्यांवर बोटी जिग (वजनदार डोक्याचा काटा) टाकून बसतात, त्याही उथळ पाण्यातच. त्यातला काही भाग कॅम्प पेरी या सैनिकी तळाच्या गोळीबार-सरावाच्या क्षेत्रात येतो. सरावाचं वेळापत्रक न बघता तिकडे जाऊ नये.

आता आई-बाबांचा मुद्दा. मला सगळ्यात जास्त खटकतो तो हाच. बोटीचा रॅम्प ट्रेलरसाठी बांधलेला असतो. त्याचा उतार बहुधा 12 ते 15 टक्के असतो आणि व्हीलचेअरसाठीचा उतार 1:12, म्हणजे सव्वाआठ टक्क्यांच्या जवळ. रॅम्पवरची ओली, शेवाळलेली फरशी बघून ‘यांना जमणार नाही’ असं ठरवणं म्हणजे चुकीच्या जागी बघणं. बघायचा तो रॅम्पशेजारचा तरंगता धक्का, किंवा पिअर, म्हणजे मासेमारीसाठीच बांधलेला, पाण्यात पुढे गेलेला धक्का. अमेरिकेच्या सुगम्यता मानकांनुसार अशा नव्या पिअरवर कठडा असेल तर त्याचा किमान चौथा हिस्सा 34 इंचांहून उंच नसावा, म्हणजे खुर्चीत बसून गळ टाकता येतो. जुन्या बांधकामांचं सगळीकडे तसं नसतं. ह्युरॉनसारख्या ठिकाणी दगडांवरून उतरायची हौस वयस्करांनी करू नये, आणि रात्री तर अजिबात नाही. आधी एकट्याने जाऊन पार्किंगपासून कठड्यापर्यंतचा रस्ता पाहून यावा. लाटांचा त्रास होत नसेल तर पोर्ट क्लिंटनकडे माणशी पैसे घेऊन अनेकांना एकत्र नेणाऱ्या हेड बोटीही असतात. चढण्याची सोय कशी आहे, हे फोन करून विचारलेलं बरं.

राहिला ‘भरपूर आहेत, हवे तेवढे आणा’ हा उपमुद्दा. मासे भरपूर आहेत, हे खरं. 2018, 2019 आणि 2021 ची पैदास जोरदार होती. तरी ओहायोच्या पाण्यात माणशी दिवसाला सहा आणि प्रत्येक किमान 15 इंच, हा नियम आहे. सहांचं कालवण घरात कोण संपवणार, हा प्रश्न वेगळाच. (सुरमईची सवय असेल तर चव फिकी वाटेल, रवा लावून तव्यावर केला तर बरा लागतो.)

परवाना 16 वर्षांपासून पुढे सगळ्यांना लागतो, पाहुण्या आई-बाबांनाही, निदान त्यांच्या हातात गळ असेल तर. ओहायोबाहेरच्यांसाठी एक आणि तीन दिवसांचे परवाने असतात, ते फोनवर काढता येतात. ज्येष्ठांची सवलत ओहायोच्या रहिवाशांनाच आहे. पासपोर्टवर वय 70 असलं तरी पुण्याच्या पत्त्यावर ती मिळत नाही.