नुसतं ब्रेक ऑइल टाकून ब्रेक सुधारत नाही
‘जुन्या गाडीचा ब्रेक कमी लागतोय? ऑइल टाका, काम झालं,’ असा मेसेज पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. पॅड झिजतील तशी ऑइलची पातळी हळूहळू उतरतेच. झपाट्याने उतरली तर गळती. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का बघा.

पेडल कडक लागतंय? मग संशय बूस्टरवर, म्हणजे पायाचा जोर वाढवून ब्रेकला देणाऱ्या भागावर. इंजिन बंद ठेवून चार-पाचदा पेडल मारा, दाबून धरा आणि गाडी सुरू करा. पेडल जरासं खाली गेलं पाहिजे.

कात्रज घाट उतरताना पेडल मऊ पडत असेल, तर पाणी शोषलेलं जुनं ऑइल उकळत असू शकतं. डॉट ३ या प्रकारच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, पाणी धरल्यावर १४० पर्यंत घसरतो. वरून ओतून भागत नाही, सगळं बदलावं लागतं.