‘वीज जमिनीतून उठते’ म्हणणाऱ्या चित्रफितीविषयी

कागल तालुक्यात शेती करणाऱ्या माझ्या मामांना घरच्याच व्हॉट्सॲप गटावर विजेची एक चित्रफीत आली. सोबतच्या मजकुराचे म्हणणे असे, की वीज आकाशातून पडत नाही, जमिनीतून उठते. मोबाईल तिला ओढून घेतो, म्हणून तो बंद करावा. आणि एकदा वीज पडलेल्या झाडावर ती पुन्हा पडत नसल्याने वळवाच्या पावसात त्याच झाडाखाली थांबावे. मामांच्या बांधावर वीज पडलेला आंबा आहे. म्हणूनच गप्प बसणे शक्य नाही.

पहिल्या दाव्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. प्रकाशाची हालचाल फिल्मवर पसरवून टिपणारा बॉईज कॅमेरा वापरून शास्त्रज्ञ शॉनलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1930 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत वीज पडण्याचा क्रम उलगडला. ढगातून एक अंधूक रेघ साधारण 50 मीटरच्या टप्प्याटप्प्यांनी खाली येते, आणि ती जमिनीशी जोडली गेल्यावरच डोळे दिपवणारा प्रकाश त्याच वाटेने वर धावतो. वाट मात्र वरूनच येते. मोबाईलच्या चित्रीकरणात सेकंदाला 30 चित्रे, म्हणजे एका चित्रामागे सुमारे 33 मिलिसेकंद जातात. वर धावणारा प्रकाश एका मिलिसेकंदाच्या आतच ढगापर्यंत पोहोचतो, त्यामुळे अशा चित्रफितीत त्याची दिशा दिसूच शकत नाही. शिवाय याच चित्रफितीत विजेचे फाटे जमिनीकडे वळलेले आहेत, म्हणजे ती वरून खाली वाढत आली. उंच मनोऱ्यांवरून वर जाणारी वीजही असते, पण तिचे फाटे आकाशाकडे उघडतात.

झाडाचा सल्ला मात्र जीवघेणा आहे. एकाच विजेत त्याच वाटेने बहुधा तीन-चार झटके येतात. चित्रफितीत दिसणारी लुकलुक त्यांचीच आहे. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर तर वर्षाला वीसेक वेळा वीज पडते. झाडावर पडलेली वीज बुंध्यावरून शेजारच्या माणसावर उडी घेते, आणि मुळांभोवतीच्या जमिनीतूनही पसरते. गडगडाट ऐकू आला की पक्के घर किंवा पत्र्याच्या टपाची बंद गाडी गाठावी, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावे.

मोबाईल विजेला ओढत नाही; उंची आणि उघड्यावर एकटे असणे महत्त्वाचे ठरते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजेची सूचना फोनवरच देते. शिवारात फोन बंद ठेवणाऱ्याला ती मिळणार नाही.