जागचे न हलता वंशभेद कसा मिटवावा

अमेरिकेतल्या एखाद्या ख्रिस्ती महाविद्यालयाच्या अध्यक्षपदी आपली नेमणूक झाली असेल आणि पहिल्याच महिन्यात कोणी 'आपल्या आवारात कृष्णवर्णीय विद्यार्थी इतके कमी का?' असे विचारले असेल, तर घाबरून जाण्याचे मुळीच कारण नाही. हा प्रश्न आपल्या आधीच्या अध्यक्षांना विचारला गेला होता, त्यांच्या आधीच्यांनाही विचारला गेला होता, आणि त्या सर्वांच्या तसबिरी सभागृहात अजून सुस्थितीत टांगलेल्या आहेत. या विषयात गेल्या दीडशे वर्षांत इतका अनुभव जमा झाला आहे की नवे काही शोधून काढण्याची गरज उरलेली नाही. झालेले नीट वाचावे आणि त्यातले सोयीचे तेवढे उचलावे. मी स्वतः तिकडच्या मध्यपश्चिम भागातल्या अशाच एका लहान महाविद्यालयात दोन वर्षे शिकवून आलो आहे, तेव्हा हा सल्ला अगदीच ऐकीव आहे असे समजू नये.

सर्वात आधी, कोणाचा कित्ता गिरवू नये ते सांगतो. केंटकीत जॉन फी या गृहस्थांनी १८५५ साली बेरिया येथे शिक्षणसंस्था सुरू केली आणि देवाने सर्व माणसे एकाच रक्ताची केली आहेत हे बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथातले वचन शब्दशः घेतले. वचन दारावर कोरायचे असते, पटसंख्येत उतरवायचे नसते, एवढा व्यवहार त्यांना कळला नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. १८५९ साली हत्यारबंद लोकांनी येऊन फी आणि त्यांच्या साथीदारांना राज्याबाहेर घालवले. यादवी युद्ध संपल्यावर ही मंडळी परत आली आणि काळ्या-गोऱ्या मुलांना एकाच वर्गात बसवू लागली. अखेरीस १९०४ साली केंटकीच्या विधिमंडळाने असे एकत्र शिकवणे हा गुन्हा ठरवणारा कायदा केला, आणि तो ज्याला लागू पडावा असे महाविद्यालय साऱ्या राज्यात हे एकच होते. बेरियाचे लोक सर्वोच्च न्यायालयात गेले, १९०८ साली तिथे हरले, आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पुन्हा घ्यायला १९५० साल उजाडावे लागले. एका वचनापायी एवढा मनस्ताप कोणी सांगितला आहे?

त्यापेक्षा संयमाचा धडा साउथ कॅरोलायनातल्या बॉब जोन्स विद्यापीठाकडून घ्यावा. या विद्यापीठाने १९७१पर्यंत कृष्णवर्णीयांना प्रवेशच दिला नाही. मग दिला तो फक्त विवाहितांना, तेही आपल्याच वंशात लग्न केलेल्यांना, म्हणजे पुढचा धोका मुळातच टळला. १९७५ साली अविवाहितांनाही दार उघडले आणि त्याच दमात दोन वंशांच्या मुलामुलींनी एकमेकांबरोबर फिरायला जाऊ नये असा नियम केला. देवानेच वंश वेगळे केले आहेत, ते एकत्र करणारे आपण कोण, असा त्यामागचा शास्त्राधार होता. (स्थळ आले की 'आपल्यातलेच ना?' हा पहिला प्रश्न विचारणाऱ्या मराठी वाचकाला यामागची भावना फोड करून सांगावी लागू नये.) सरकारने करसवलत काढून घेतली, खटला वरपर्यंत गेला, आणि १९८३ साली सर्वोच्च न्यायालयात विद्यापीठ आठ विरुद्ध एक अशा मतांनी हरले. एखादा कच्चा अध्यक्ष इथे डगमगला असता. विद्यापीठाने सवलतीवर पाणी सोडले आणि नियम आणखी सतरा वर्षे तसाच ठेवला. पुढे २००० सालच्या फेब्रुवारीत जॉर्ज डब्ल्यू. बुश निवडणुकीच्या प्रचारात तिथे भाषण करून गेले, वर्तमानपत्रांत गदारोळ उडाला, आणि मार्चच्या पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाचे अध्यक्ष बॉब जोन्स तिसरे यांनी लॅरी किंग यांच्या दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमात नियम मागे घेतल्याचे सांगून टाकले. जे शास्त्र आठ न्यायमूर्तींना हलवता आले नाही, ते एका संध्याकाळी स्टुडिओतल्या खुर्चीत हलले. तेव्हा अंतरात्म्याचा आवाज जरूर ऐकावा, पण कॅमेरा सुरू झाल्यावर ऐकावा.

दिलगिरीचे म्हणाल, तर तिलाही घाई नको. याच विद्यापीठाने २००८ साली, माजी विद्यार्थ्यांनी लावून धरल्यानंतर, मनापासून दिलगिरी व्यक्त केली आणि तीत असे म्हटले की संस्थेची वंशविषयक धोरणे फार काळ पवित्र शास्त्रापेक्षा अमेरिकी संस्कृतीतल्या भेदभावाच्या वृत्तीने घडवली. या मांडणीची खुबी सहज लक्षात येत नाही. पाप संस्कृतीने केले. आपण आपले तिच्या हाती सापडलो. मराठीत अशा निवेदनासाठी 'होणे' हे क्रियापद देवाने दिलेले आहे: चुका झाल्या, अन्याय झाला, उशीर झाला. कर्ता शोधायला निघालेला वाचक पूर्णविरामापर्यंत पोहोचतो आणि रिकाम्या हाताने परततो.

आपल्या संस्थेचे संस्थापक गुलामगिरीविरोधी असतील, तर मात्र आपल्याइतके भाग्यवान आपणच. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले त्यांना अर्पण केले, तशा लोकांपैकी एक म्हणजे इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजचे पहिले अध्यक्ष जोनाथन ब्लँचर्ड. तिथून १८६६ साली एक कृष्णवर्णीय तरुण पदवी घेऊन बाहेर पडला. पूर्वजांनी एवढे पुण्य गाठीला बांधून ठेवल्यावर वंशजांनी ते खर्चायचे नाही तर काय करायचे? १९२६ ते १९४० या काळातल्या अध्यक्षांनी कृष्णवर्णीयांच्या प्रवेशाला विरोध केला, आणि पुढे ग्रंथालयाला नाव दिले गेले ते त्यांचेच. संस्थेने स्वतःचा इतिहास तपासून शंभरावर पानांचा अहवाल २०२३ साली प्रसिद्ध केला आणि ते नाव उतरवले. हे जरा जास्तच झाले असे ज्यांना वाटेल, त्यांनी केंटकीतल्या लुइव्हिलच्या सदर्न बॅप्टिस्ट धर्मशिक्षण संस्थेकडे पाहावे. आपले चारही संस्थापक गुलामांचे मालक होते आणि त्यांच्याकडे मिळून पन्नासहून अधिक माणसे मालकीची होती, हे तिने २०१८ साली स्वतःच्या अहवालात स्वच्छ लिहिले, आणि २०२० साली इमारतींवरची त्यांची नावे कायम ठेवण्याचा निर्णय घेऊन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. म्हणजे विद्यार्थ्याने शिष्यवृत्ती घ्यावी आणि तिचा पहिला तास त्याच नावाच्या इमारतीत बसून ऐकावा.

खरी कसोटी पैशापाशी लागते, आणि तिथे विद्यार्थ्यांपासून सावध राहावे. मेरीलँडच्या जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी १८३८ साली २७२ गुलाम लुइझियानातल्या मळेवाल्यांना विकले आणि त्या रकमेतला काही भाग आपल्याच जॉर्जटाउन या शिक्षणसंस्थेचे (आजच्या विद्यापीठाचे) कर्ज फेडायला वापरला. २०१९ साली तिथल्या विद्यार्थ्यांनी मतदान घेतले आणि दोनतृतीयांश मतांनी असे ठरवले की त्या माणसांच्या वंशजांसाठी प्रत्येक विद्यार्थ्याने दर सत्राला २७ डॉलर २० सेंट जादा भरावेत. रकमेतला आकडा वाचकाच्या ध्यानात आलाच असेल. मुलांनी स्वतःच्या खिशातून द्यायचे कबूल केले, मागितले कोणी नव्हते! अशा वेळी अध्यक्षाने काय करावे? भावनेचे कौतुक करावे, आणि शुल्काऐवजी देणग्या गोळा करून निधी उभारू असे सांगावे. जॉर्जटाउनने तेच केले. शुल्क म्हटले की देणे होते, देणगी म्हटली की उपकार होतो, आणि दोन्हींची रक्कम सारखी असली तरी पावतीवरची भाषा वेगळी येते.

एवढे इतिहासाचे. आता रोजच्या कारभाराकडे वळू. आपल्या हाती सर्वात मोठे साधन म्हणजे माहितीपत्रक. विस्कॉन्सिन विद्यापीठाने २००० साली आपल्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर फुटबॉल पाहणाऱ्या गोऱ्या विद्यार्थ्यांच्या गर्दीत एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा चेहरा संगणकावर चिकटवला, आणि ते उघडकीला आल्यावर नाचक्की झाली. ते विद्यापीठ सरकारी असल्यामुळे त्यांना चिकटवावा लागला. आपल्याकडे बंधुभाव असतो; आपण मुलांना प्रत्यक्ष बोलावून उभे करावे.

आमच्याकडे हे काम ऑक्टोबरात, झाडांची पाने लाल झाली की चाले. छायाचित्रकार सकाळीच हिरवळीवर येई आणि जनसंपर्क विभागातल्या बाई वर्गांच्या दारातून डोकावून माणसे गोळा करीत: केनियाचा एक मुलगा, कोरियाच्या दोन मुली, शिकागोच्या दक्षिण भागातून आलेली एक मुलगी, आणि मी. मी विद्यार्थी नव्हतो, माझे केस पिकू लागले होते, पण मला सदरा घालून येता येईल का अशी विचारणा झाली, आणि त्याबरोबर तो भडक रंगाचा असल्यास बरे अशी पुस्तीही. आम्हाला गोल बसवून मधोमध उघडे बायबल ठेवत. कशाला तरी हसा, असे छायाचित्रकार सांगे. आम्ही पाचही जण एकमेकांना वर्षातून तेवढ्याच दिवशी भेटत असल्यामुळे हसू आपोआप येई. चित्राखाली बायबलातल्या 'प्रकटीकरण' या ग्रंथाच्या सातव्या अध्यायातली ओळ छापत: सर्व राष्ट्रे, वंश, लोक आणि भाषा यांतून आलेला, कोणाला मोजता येणार नाही असा मोठा समुदाय. आम्ही पाच होतो, बायबल धरून सहा.

भोजनगृहात कृष्णवर्णीय मुले एकाच टेबलाभोवती बसतात, ही तक्रार आपल्या कानावर लवकरच येईल. ती गांभीर्याने घ्यावी आणि 'आपल्या आवारात गट का पडतात?' या विषयावर परिसंवाद ठेवावा. उरलेल्या चाळीस टेबलांवर गोरी मुलेच एकत्र बसलेली असतात, पण तो गट नव्हे, ती पंगत. समितीही नेमावी, तिच्यात महाविद्यालयातल्या एकुलत्या एक कृष्णवर्णीय प्राध्यापिकेला घ्यावे, आणि तिथे कोणाला कसे वाटते हे सर्वांना समजावून सांगण्याचे काम तिच्या अध्यापनाच्या तासांवर बोजा न मानता तिच्याकडेच सोपवावे. वर्षअखेर तिचे संशोधन मागे पडले असेल, तर तशी नोंद तिच्या मूल्यमापनात खेदाने करावी.

राहता राहिला तो केनियाचा मुलगा. त्याचे छायाचित्र इतके उत्तम आले की महाविद्यालयाने ते मुख्य फाटकाबाहेरच्या दिव्याच्या खांबावर माणसाच्या दुप्पट उंचीच्या बॅनरवर छापून लावले. ग्रंथालय रात्री अकराला बंद होई आणि तो पायी वसतिगृहाकडे परतताना त्याच खांबाखाली पहारेकरी गाडी थांबवून त्याच्याकडे ओळखपत्र मागे. एकदा मी बरोबर होतो. पहारेकऱ्याने टॉर्चचा झोत ओळखपत्रावर टाकला, मग त्याच्या तोंडावर टाकला, पुन्हा ओळखपत्रावर टाकला. वर मात्र टाकला नाही. 'देव तुमचे भले करो,' असे म्हणून तो निघून गेला. मला त्याने काही विचारले नाही, बहुधा सदऱ्यामुळे.

म्हणून शेवटचे एवढेच सुचवतो की बॅनरचे कापड घेताना हात आखडू नये. विद्यार्थी चार वर्षांत जातो, कधी दुसऱ्याच वर्षी सामान बांधतो, आणि बॅनरला पुढची प्रवेशप्रक्रिया होईपर्यंत ऊनपावसात टिकावे लागते.