चार्जरला वजन नसतं म्हणे!

"चार्जरला कुठे वजन असतं, मॅडम?"

हे वाक्य ज्या पोराच्या तोंडून निघालं, त्याच्या गळ्यात दोन चार्जर बांधून त्याला भर मे महिन्यात साताऱ्याहून दहिवडीपर्यंत लाल परीत उभ्याने पाठवायला हवं. खटाव ओलांडेपर्यंत त्याला चार्जरचं वजन, वायरचं वजन आणि स्वतःच्या जिभेचंही वजन कळेल.

काल लॅपटॉप बघायला गेले होते. हौस म्हणून नाही. माझ्या जुन्या धोंड्यावर विंडोज ११ चढत नाही, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि पतसंस्थांच्या खातेदारांची नावानिशी माहिती असल्या मशीनवर ठेवून मला रात्री झोप लागत नाही. धोंडा सव्वादोन किलोचा. त्याच्या पोटात डीव्हीडी ड्राइव्ह आहे, त्यात शेवटची सीडी कधी गेली ते देवाला ठाऊक. पण ऑडिटसाठी कराड, पाटण, वाई, फलटण अशी तो घेऊन मीच हिंडते, त्यामुळे उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली गेलाय असं आमची शिंपीणसुद्धा सांगते.

अट एकच होती. चार्जर धरून दीड किलो.

शोरूममध्ये शिरल्याबरोबर तो पोरगा आला आणि आमच्या ह्यांना म्हणाला, "सर, बजेट काय आहे?" आता आमचे हे म्हणजे वनस्पतिशास्त्राचे मास्तर. ते आले होते कारण गाडी लावायला जागा नव्हती, आणि आत एसी होता. मी म्हणाले, "लॅपटॉप मला हवाय. वजन सांगा." तो ह्यांच्याकडे बघत म्हणाला, "सर, मॅडमसाठी रोज गोल्डमध्ये आहे." मी पुन्हा म्हणाले, वजन. तो म्हणाला, "घरीच वापरायचा ना? मुलांचे क्लासेस, यूट्यूब, रेसिपी?" मी आर्टिकलशिप करत ट्रंकाभर व्हाउचर तपासत होते तेव्हा हा जन्मला तरी होता का, असं विचारणार होते. पण ह्यांनी माझा दंड धरला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला नेमकं कधी धरायचं ते कळतं.

मग त्याने तो लॅपटॉप दोन बोटांत उचलून दाखवला. "बघा सर, एकदम फेदर." दोन सेकंद उचलायला काय जातंय? दोन सेकंद मी सिलिंडरसुद्धा उचलते. शेजारच्या कार्डावर किंमत होती, हप्ता होता, कॅशबॅक होता, 'बॅग मोफत' होतं, आणि वर ठळक अक्षरांत 'थिन अँड लाइट'. फक्त वजन नव्हतं. शेवटी मीच फोनवर कंपनीच्या साइटवर जाऊन शोधलं. १.७ किलो. वर बारीक अक्षरांत 'पासून सुरू', म्हणजे आपल्या हातात येईल तो याहून जडच. चार्जर दाखव म्हटलं तर म्हणे बॉक्स सील आहे, फोडला तर घ्यावाच लागेल. मग वजन सांग म्हटलं.

तेव्हा ते वर लिहिलेलं वाक्य आलं.

बाळा, चार्जरला वजन असतं. अडॅप्टर आणि ती तीन पिनांची जाडजूड काळी वायर मिळून पाव किलोच्या पुढे जातं. ती वायर गुंडाळली तर गुंडाळलेली राहत नाही, आणि एसटीच्या रॅकवरून खाली लोंबते ती बरोबर एखाद्या आजोबांच्या टोपीवर.

पण त्या पोरावर किती चिडायचं? खरा गुन्हा वरच्या लोकांचा आहे. २००८ साली स्टीव्ह जॉब्सने ऑफिसच्या पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला, १.३६ किलोचा, आणि सगळ्या जगाने टाळ्या वाजवल्या. त्याला यूएसबीचं भोक एकच होतं, लॅनचं, म्हणजे इंटरनेटच्या वायरचं, नव्हतंच, आणि लॅनचा अडॅप्टर वेगळे पैसे देऊन घ्यायचा होता. तो अडॅप्टर काही पाकिटात नव्हता! तेव्हापासून ही विद्या सगळ्यांनी उचलली. मशीनमधून एकेक गोष्ट काढायची, गिऱ्हाइकाला ती वेगळी विकायची, आणि वर वजन कमी केलं म्हणून मिरवायचं. अहो, कमी कुठे केलंत? ते माझ्या पिशवीत टाकलंत.

बघा ना. डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, टोकन साध्या यूएसबीचं, आणि बारीक लॅपटॉपला दोन टाइप-सी, बस्स. म्हणून मधे जोडायचं डोंगल. संस्थेचा मॅनेजर डेटा देणार पेन ड्राइव्हवर, म्हणून पुन्हा तेच डोंगल, मग एकाच वेळी दोन लागतात म्हणून हब. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायच्या, आणि सभागृहातल्या प्रोजेक्टरला अजून निळ्या टोकाची, दोन स्क्रूंची व्हीजीए केबल. संचालक मंडळ बदलतं, अध्यक्ष बदलतात, ती केबल बदलत नाही. म्हणून तिसरं डोंगल. १४ इंची मशीनला नंबर पॅड नाही, आणि वरच्या आकड्यांच्या रांगेवर मी ताळेबंद मारायचा म्हणजे मार्च उजाडेल. म्हणून सुटा नंबर पॅड. टचपॅडवर माझा विश्वास नाही, म्हणून माउस. एवढं सगळं ठेवायला एक पाउच. त्या पाउचची चेन बंद करताना मला दरदरून घाम फुटतो.

नंबर पॅड हवा तर १५.६ इंची घ्या म्हणतात. तो आला की टचपॅड सरकतो डावीकडे, आणि माणूस दिवसभर स्क्रीनसमोर तिरका बसतो.

आणि कीबोर्डचा विषय निघालाच आहे तर, उजवीकडचं कंट्रोल बटण कुणी चोरलं? माझ्या डाव्या हातात व्हाउचरची फाइल असते. उजव्या हाताने कंट्रोल आणि पेज डाउन दाबत मी एका शीटवरून दुसऱ्यावर जाते. वर्षानुवर्षांची सवय आहे, बोटं आपसूक जातात. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की कीबोर्डवर आता कोपायलटचं, म्हणजे त्यांच्या एआय मदतनिसाचं, खास बटण येणार, आणि कितीतरी मॉडेलांत ते नेमकं उजव्या कंट्रोलच्या जागेवर येऊन बसलं. पेज डाउन तर आधीच एफएन आणि बाणात कोंबलेलं. काल शोरूममध्ये सवयीने बोट गेलं आणि एक खिडकी उघडून नम्रपणे विचारू लागली, काय मदत करू? माझं कंट्रोल परत कर, ही मदत कर!

पॉवरचं बटण डिलीटच्या शेजारी बसवणारा माणूस वेगळाच. त्याला मला एकदा समोरासमोर भेटायचंय. नुसतं भेटायचंय.

बाकी सगळीकडे 'एआय'चे स्टिकर. कोपायलट प्लस म्हणवून घ्यायचं तर आतल्या एनपीयूने, म्हणजे एआयसाठीच्या चिपने, सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करायला हव्यात म्हणे. करू देत. कर्जखात्याची बेरीज एका रुपयाने चुकते, तो रुपया हुडकायला रात्री अकरा वाजता मलाच बसावं लागतं. ह्या स्टिकरांपायी किमती चढल्या आणि स्क्रीन मात्र तीच अंधुक, २५० निट्स उजेडाची. एसटीत खिडकीशी बसून दुपारी ती उघडली की एक्सेल दिसत नाही, माझाच चेहरा दिसतो. तो मला घरीही दिसतो, फुकट.

भाचा पुण्यात आयटीत आहे. रात्री त्याला फोन केला. म्हणाला, "मावशी, त्याने दाखवलेला प्रोसेसर कुठला?" सांगितलं, रायझन ५, ७५२०यू, पोरगा म्हणाला सात हजार सीरिज, एकदम लेटेस्ट. भाचा हसत सुटला. म्हणाला, पहिला आकडा वर्षाचा असतो, आतला माल तिसऱ्या आकड्यावरून कळतो. २ म्हणजे झेन २, म्हणजे २०१९ मधलं डिझाइन. आणि त्या प्रोसेसरबरोबर रॅम बोर्डालाच डिंकवलेली असते, आठ जीबी म्हणजे जन्मभर आठ जीबी. पोराने मला छातीठोक सांगितलं होतं, "नंतर वाढवून देऊ ना सर." सर!

मग भाचा म्हणाला, "अगं, तू सरळ मॅकबुक एअर घे. १.२४ किलो, चार्ज दिवसभर टिकतं." टॅली त्यावर सरळ चालत नाही म्हटलं, तर म्हणे क्लाउडवर चालव. पाटणच्या पुढे फोनला रेंज नसते, क्लाउड पावसाळ्यातच काय ते दिसतात. त्याला तर कळलंच नाही, हसला नुसता.

फोन ठेवला आणि रागारागाने सामान तोलायचा हूकवाला काटा काढला. म्हटलं, होऊनच जाऊ दे. पिशवीतून लॅपटॉप आणि चार्जर बाजूला काढले आणि राहिलेली पिशवी लटकवली. काटा चार किलोच्या पुढे. लॅपटॉप नसताना! आत स्टीलची पाण्याची बाटली, एक लिटर, म्हणजे नुसतं पाणीच एक किलो. डबा. दोन डायऱ्या. शिक्के, स्टॅम्प पॅड, हिरवी पेनं. पंचिंग मशीन, कारण संस्थेचं नेहमी 'आत्ताच कुणीतरी नेलं' असतं. छत्री. आणि तळाशी कोरेगावहून येताना घेतलेला वाघ्या घेवडा, काढायचा राहिलेला. म्हणजे ही बाई घेवडा किलोने घेते आणि लॅपटॉप ग्रॅमने मोजते. ह्यांनी काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शहाण्या माणसासारखे बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालायला गेले.

तरी मी मागे हटणार नाही. बाटली माझी आहे, घेवडा माझा आहे, तो मी ठरवून उचलते आणि त्याची उसळ होते. डोंगलची उसळ होत नाही.

आणि हे होत नाही असंही नाही ना! राग त्याचाच जास्त येतो. जपानात पॅनासोनिकचे लेट्स नोट नावाचे लॅपटॉप मिळतात, लोकलमध्ये उभ्याने जाणाऱ्या नोकरदारांसाठीचे. किलोच्या आसपास वजन, आणि अंगावर व्हीजीए, एचडीएमआय, लॅन, साधं यूएसबी, सगळं! दिसायला अगदी सरकारी कचेरीतल्यासारखे, म्हणून मला जास्तच आवडले. पण ते बनतात मुख्यतः त्यांच्याच लोकांसाठी. बरं, जपान राहू दे. २०१८ चा थिंकपॅड एक्स१ कार्बन घ्या, सहावी पिढी. १.१३ किलो, दोन साधी यूएसबी, एचडीएमआय, आणि उजवं कंट्रोल जागच्या जागी. विंडोज ११ सुद्धा चालतं. म्हणजे २०१८ ला जमत होतं आणि आता १.७ किलोच्या फेदरमध्ये आठ जीबी डिंकवून आमच्या गळ्यात मारतायत.

नव्या एक्स१ ची किंमत बघितली. लाखाच्या बरीच वर. पतसंस्थेची ऑडिट फी आणि ती किंमत एका ओळीत लिहायला मन धजत नाही. जुना, दुरुस्त करून विकतात तो बघावा असं आता चाललंय. त्यात बॅटरी कितपत उरलीय ते विकणारा सांगत नाही, आणि विचारलं की म्हणतो, "मॅडम, चार्जर सोबत देतो ना."

सोमवारी फलटण आहे. धोंडाच नेणार. त्याची बॅटरी वाठार स्टेशनपर्यंत तग धरते, पुढचं वहीत.